पोटात ठेवलेलं

अकरा वर्षं मी मिरेया ओयार्सूनची टिपणं टंकली.
तिचं अक्षर म्हणजे मुंग्यांची पांगलेली रांग,
समासात कॉफी, आणि 'मन' हा शब्द
दर वेळी खोडलेला.
वर लिहिलेलं 'मेंदूतील नोंदी',
तेही खोडलेलं. शेवटी पुन्हा 'मन',
पुढे प्रश्नचिन्ह. मी विचारायचे, काय ठेवू?
"प्रश्नचिन्ह काढ," म्हणायची, "न्यायालयाला चालत नाही."

ती पुंता अरेनासची, जिथे वारा सुटला
की रस्त्याकडेला दोर बांधतात, धरून चालायला.
आई, एदुविना, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये.
सगळ्या गावाची भांडणं, बाळंतपणं, कर्जं
तिच्या बोटांखालून जायची.
रात्री दोनला कोण कुणाला फोन लावतं, तिला ठाऊक.
घरी येऊन ती बटाटे सोलत बसायची.
मिरेया विचारायची, आज काय ऐकलंस?
"वारा."

पुढे सान्तियागो, कायद्याची पदवी,
पत्रांच्या गुप्ततेवर प्रबंध:
डिंक ओला असताना पाकीट बंद मानायचं का,
यावर चाळीस पानं. परीक्षक हसले.
मग पट्टे आले.

कालामाच्या तांब्याच्या खाणीत
तीनशे टनांचा ट्रक चालवणारा एलिसेओ चोके,
एकोणीस वर्षांत एक ओरखडा नाही.
टोपीच्या आतल्या पट्टीने लिहून ठेवलं:
रोज पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
चालक चार मिनिटं गैरहजर.
हात स्टिअरिंगवर, डोळे उघडे, तरी गैरहजर.
नोकरी गेली.

सुनावणीत कंपनीचा इंजिनिअर,
साधा मुलगा, नवे करकरणारे बूट,
म्हणाला, यंत्र काही मनकवडं नाही हो,
काय विचार चाललाय ते त्याला कळत नाही,
तो तिथे नाही एवढंच कळतं.
"मग कुठे होता?" मिरेयाने विचारलं.
"ते विचारण्याचा आम्हाला अधिकार नाही."
"उत्तर माहीत नसताना शिक्षा द्यायचा आहे?"
न्यायाधीश चष्मा पुसत राहिले.

नंतर जिन्यात एलिसेओने तोंड उघडलं,
तीन वाजून दहाला मी, बाई, रोज…
तिने हात वर केला. "नको. मला सांगायची गरज नाही."
त्याचा चेहरा उतरला.
त्याला सांगायचं होतं.
हे मी कुठल्याच टिपणात घेतलं नाही.

खटला जिंकलो. पुढचे दोन हरलो.
शाळकरी मुलांच्या कपाळावरच्या पट्ट्या
तिसऱ्या अपिलातही निघाल्या नाहीत.
जिनिव्हात तिला काचेचा एक जड ठोकळा मिळाला,
तो आम्ही खिडकी आपटू नये म्हणून वापरतो.

गेल्या हिवाळ्यात एदुविनाला झटका आला.
वाचा गेली. डोळे मात्र जागे.
डॉक्टर याक्शिच म्हणाले, एक बारीक जाळी,
कवटीच्या आत, आणि पडद्यावर शब्द येतील.
कदाचित. पहिल्यांदा मोडके येतील.
संमतिपत्राचं सातवं कलम मी ओळखलं,
मीच टंकलं होतं:
'ज्याचे मन, त्याचीच अनुमती.'
खाली पालकाच्या सहीचा रकाना.

मिरेया आईच्या कानाशी वाकली,
सगळं सांगितलं, दोनदा,
साक्षीदाराला सांगतात तसं, सावकाश.
मग म्हणाली, हो असेल तर बोट हलव.

बोटं हलली. सगळीच.
चिमटीत काहीतरी धरलं,
चादरीवर पुढे नेलं, मागे आणलं,
परत पुढे.
मिरेयाने ते लहानपणी पाहिलं होतं,
एक्स्चेंजच्या काचेला नाक लावून.
तिने माझ्याकडे वळून विचारलं,
"दोरी लावतेय की काढतेय?"

अकरा वर्षं तिचं अक्षर मला लागत होतं.
हे लागेना.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.
तिने पेन मागितलं, मी दिलं.
बराच वेळ ते तिच्या हातात होतं,
टोपण न काढलेलं.